घरात कोणी अपंग असेल तर थीम पार्कचा बेत कसा आखायचा

थीम पार्क म्हटलं की सगळे आधी तिकीट, हॉटेल आणि लाइन न लावता आत सोडणारा पास यांच्या मागे लागतात, पण सुरुवात घरातूनच करा. आपलं माणूस व्हीलचेअरमधून दुसऱ्या सीटवर कसं सरकतं, एकट्याने, एकाच्या मदतीने की दोघांनी उचलून, आणि त्याला किती वेळ लागतो, हे नीट माहीत असलं की कुठल्या राइड जमतील याची अर्धी यादी तिथेच तयार होते. कारण बऱ्याच राइडमध्ये व्हीलचेअर बाहेर ठेवावी लागते आणि पार्कचा स्टाफ सहसा माणसाला उचलत नाही, त्यांना तशी परवानगीच नसते, ते काम तुमच्याच माणसांनी करायचं.

घरी एकदा करून बघा. पलंगावर सरकणं सोपं असतं, राइडची सीट तशी नसते. ती बहुतेक वेळा व्हीलचेअरपेक्षा खाली असते, मध्ये एक काठ असतो ज्यावरून पाय उचलून आत टाकावा लागतो, म्हणजे बाथटबमध्ये उतरल्यासारखं, आणि बोट असेल तर ती हलतही असते. म्हणून बसक्या सोफ्यावर प्रॅक्टिस करा, आणि मुख्य म्हणजे परत वर यायची करा, खाली बसणं कसंही जमतं, उठताना खरी दमछाक होते. कोण काखेतून धरणार, पाय कोण उचलणार हे ठरलेलं असू दे, नाहीतर तिथे मागे लाइन खोळंबलेली असताना घाईत खांदा दुखावतो. स्लाइडिंग बोर्ड किंवा ट्रान्सफर बेल्ट घरी वापरत असाल तर बरोबर न्या, पार्कात मिळेल असं धरून चालू नका.

यानंतर पार्कच्या वेबसाइटवरचा ॲक्सेसिबिलिटी गाइड उघडा. मोठ्या पार्कांमध्ये प्रत्येक राइडबद्दल लिहिलेलं असतं की व्हीलचेअरसकट चढता येतं, की सीटवर सरकावं लागतं, की मोटरवाल्या स्कूटरवरून (म्हणजे चालायला त्रास असलेल्यांच्या बसून चालवायच्या छोट्या गाडीवरून) आधी साध्या व्हीलचेअरमध्ये यावं लागतं. हे सगळे वाचतात. पण राइड मध्येच बंद पडली तर बाहेर कसं काढतात हा भाग फार कमी लोक बघतात, आणि नेमका तोच नंतर नडतो. काही ठिकाणी अरुंद कठड्यावरून चालावं लागतं, काही ठिकाणी शिडी किंवा जिने उतरावे लागतात, त्यामुळे सीटवर आरामात सरकणाऱ्या माणसालाही चालता येत नाही म्हणून गेटवर नाही म्हणू शकतात. राग येतो, पण निदान हे आधी माहीत असेल तर मुलाला त्या राइडचं नाव घेऊन घेऊन आशा लावली जात नाही.

आता पास. डिस्नेच्या अमेरिकेतल्या पार्कांमध्ये डीएएस म्हणजे डिसेबिलिटी ॲक्सेस सर्व्हिस आहे, 2013 साली सुरू झाली आणि 2024 मध्ये तिचे नियम बरेच घट्ट केले. आता ती मुख्यतः ऑटिझम किंवा तशा विकासात्मक अपंगत्वामुळे नेहमीच्या लाइनमध्ये फार वेळ थांबू न शकणाऱ्यांसाठी आहे, आणि त्यासाठी व्हिडिओ कॉलवर बोलावं लागतं, तो कॉल निघायच्या आधीच उरकून टाका. नुसता चालण्याचा त्रास असेल तर व्हीलचेअर घेऊन साध्या लाइनमधूनच या असं सांगतात, कारण नव्या राइडच्या लाइन व्हीलचेअर जाईल अशाच बांधलेल्या असतात, आणि जुन्या राइडला लाइनमध्ये चेअर शिरत नसेल तर एक वेळ देऊन तेव्हा परत या म्हणतात. युनिव्हर्सलच्या पार्कांत वेगळं, तिथे आयबीसीसीईएस नावाच्या संस्थेचं ॲक्सेसिबिलिटी कार्ड ऑनलाइन काढायचं असतं आणि जायच्या किमान 48 तास आधी रजिस्टर करा असं सांगतात, म्हणजे आदल्या रात्री आठवून उपयोग नाही. हे नियम सारखे बदलतात, तेव्हा कोणाच्या जुन्या अनुभवावर न जाता तिकीट काढायच्या आधी पार्कच्याच पानावर वाचा.

आणि एक गैरसमज काढून टाका, हा पास म्हणजे व्हीआयपी एंट्री नाही. लाइन चाळीस मिनिटांची असेल तर साधारण तेवढीच वेळ तुम्हीही थांबता, फक्त लाइनच्या बाहेर, सावलीत, टॉयलेटजवळ. नातेवाईक म्हणतात ना, "बरं आहे बाबा तुमचं, लाइन नाही लावावी लागत," त्यांना हे जरूर सांगा.

डॉक्टरांना मोघम "राइडला नेऊ का" असं विचारू नका, राइडचं वर्णन सांगून विचारा. डाउन सिंड्रोम असलेल्या काहींच्या मानेचे वरचे मणके सैल असतात, त्यांना झटके देणाऱ्या रोलरकोस्टरआधी मानेची तपासणी लागू शकते. फिट येत असतील तर लखलखणाऱ्या लाइटच्या सूचना वाचा, त्या शो आणि परेडलाही असतात. कॉक्लिअर इम्प्लांट (ऐकू यावं म्हणून ऑपरेशनने कानात बसवलेलं यंत्र) असेल तर वेगवान राइडआधी बाहेरचा प्रोसेसर काढून ठेवा, आणि प्लास्टिकच्या घसरगुंड्यांवर स्टॅटिक वीज तयार होते तिथेही तेच. मणक्याला वरच्या भागात इजा झालेल्यांना नीट घाम येत नाही, मल्टिपल स्क्लेरोसिस या मज्जासंस्थेच्या आजारवाल्यांना उन्हात अशक्तपणा वाढतो, म्हणून अशांसाठी दुपार एसीमधल्या शोसाठी राखून ठेवा, पाण्याचा स्प्रे आणि ओला रुमाल हाताशी ठेवा. कृत्रिम पाय असेल तर काही राइड तो काढायला लावतात, काही घट्ट बांधायला, हेही गाइडमध्ये असतं.

टॉयलेटचं आधी बघा, राइडचं नंतर बघितलं तरी चालेल. अपंगांचं टॉयलेट असं लिहिलेलं असलं तरी मोठ्या माणसाचा डायपर आडवं झोपवून बदलायची सोय असतेच असं नाही. ब्रिटनमध्ये चेंजिंग प्लेसेस नावाची टॉयलेटं असतात, त्यात मोठ्यांसाठी बेंच आणि माणसाला उचलायचं यंत्र, होइस्ट, असतं. इतर ठिकाणी फर्स्ट एडच्या खोलीत बहुतेक वेळा कॉट मिळतो, आत शिरल्या शिरल्या ती खोली कुठे आहे ते विचारून ठेवा.

ऑटिझम असलेल्या मुलांना कधी कधी राइडपेक्षा राइडच्या आधीचा गोंगाट जास्त झेपत नाही. यूट्यूबवर जवळजवळ प्रत्येक मोठ्या राइडचा पुढच्या सीटवरून घेतलेला व्हिडिओ मिळतो, तो आवाजासकट घरी दाखवा, आधी कमी आवाजात. अमेरिकेत फिलाडेल्फियाजवळचं सेसमी प्लेस 2018 मध्ये सर्टिफाइड ऑटिझम सेंटर (म्हणजे ऑटिझमबद्दल स्टाफला शिकवलेलं आहे असं प्रमाणपत्र मिळालेलं ठिकाण) झालेलं पहिलं थीम पार्क, तेव्हापासून बऱ्याच पार्कांनी कुठल्या राइडमध्ये आवाज, अंधार, वास किती याचे सेन्सरी गाइड काढलेत. स्ट्रॉलरमध्ये बसणारं मूल असेल तर स्ट्रॉलरला व्हीलचेअर समजण्याचा टॅग मिळतो का ते विचारा, डिस्नेमध्ये मिळतो, नाहीतर लाइनच्या तोंडाशी स्ट्रॉलर बाहेर ठेवायला लावतात.

भावंडांचा विचार करा. मोठ्या पार्कांत रायडर स्विच असतं, एक मोठा माणूस बाहेर थांबतो, दुसरा राइड करून येतो, मग पहिला पुन्हा पूर्ण लाइन न लावता जातो. रोज बाहेर थांबणारी आईच असेल असं मात्र करू नका.

स्टाफ बऱ्याचदा तुम्हाला विचारतो, "यांना बसायचंय का?" तर त्यांनाच विचारा म्हणून आपल्या माणसाकडे बोट दाखवायचं, एवढंच. आणि आपलं माणूस नको म्हणालं तर नको, पैसे भरलेत म्हणून रेटायचं नाही.

पाण्यात खेळायचं असेल आणि मोटरची व्हीलचेअर असेल तर बॅटरीमुळे सहसा अडतंच. टेक्सासमधल्या सॅन अँटोनियोचं मॉर्गन्स वंडरलँड 2010 साली अपंगांना डोळ्यासमोर ठेवूनच बांधलं, अपंग माणसाला तिथे प्रवेश फुकट, आणि 2017 ला शेजारी वॉटर पार्क झालं तिथे दाबलेल्या हवेवर चालणाऱ्या व्हीलचेअर आहेत ज्या भिजल्या तरी चालतात. म्हणजे करायचं म्हटलं तर होतं, बाकीच्यांनी का करू नये हा प्रश्न त्यांना ईमेलने विचारायला हरकत नाही, मी विचारते.

शेवटी बॅटरी रात्री फुल चार्ज करा, चार्जर बॅगेत टाका, आणि रात्रीचा शो संपायच्या दहा मिनिटं आधी निघा, कारण नंतर सगळी गर्दी एकाच गेटकडे लोटते आणि व्हीलचेअरमध्ये बसलेल्याला समोर नुसत्या पाठी दिसतात.