अरबी धातूवरून शब्दांचे कुटुंब कसे शोधावे: ‘ह-क-म’चे उदाहरण

हुकूम, हकीम आणि हिकमत हे तीनही शब्द मराठीत चांगले रुळलेले आहेत; परंतु आज्ञा, वैद्य आणि युक्ती यांचे एकमेकांशी काही नाते असेल, असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. हे तीनही शब्द अरबीतील ‘ह-क-म’ या एकाच धातूपासून झालेले आहेत. अरबी धातू बहुधा तीन व्यंजनांचा असतो. त्या व्यंजनांमध्ये स्वर बदलत जातात, मागेपुढे ठरावीक वर्ण जोडले जातात आणि त्यातून शब्दांचे मोठे कुटुंब तयार होते.

सुरुवात अर्थापासून न करता मूळ लिपीतील वर्णांपासून करावी, कारण देवनागरीत अरबीचे अनेक वेगळे वर्ण एकत्र मिसळून जातात. अरबीत ‘ह’ दोन आहेत. हुकूममधला ‘ह’ घशातून उच्चारला जाणारा आहे. ‘क’ही दोन आहेत, आणि ‘ज’च्या बाबतीत तर गोंधळ आणखी वाढतो. ‘नजर’ आणि ‘नजराणा’ हे शब्द मराठीत सख्खे भाऊ वाटतात; प्रत्यक्षात नजर हा पाहणे या अर्थाच्या धातूचा शब्द आहे आणि त्यातला मधला वर्ण ‘ज़ा’ आहे, तर नजराणा हा नवस बोलणे या अर्थाच्या दुसऱ्या धातूपासून आला असून त्यात ‘ज़ाल’ हा वर्ण आहे. नजराण्यातला ‘आणा’ हा फारसी प्रत्यय आहे. हुकूमशाहीतला ‘शाही’ही फारसीच. असे प्रत्यय आधी बाजूला काढले नाहीत, तर पुढचा सगळा शोध चुकतो.

त्यानंतर धातूबाहेरचे वर्ण वेगळे करावेत. धातूला जोडले जाणारे वर्ण दहा असून ते लक्षात ठेवण्यासाठी अरबी व्याकरणकारांनी ‘सअल्तुमूनीहा’ हा एक शब्द योजला आहे. त्याचा अर्थ ‘तुम्ही मला त्यांच्याविषयी विचारलेत’ असा होतो, आणि ते दहाही वर्ण त्यातच सामावलेले आहेत. मात्र या यादीतला प्रत्येक वर्ण दिसला की तो काढून टाकायचा, असे नाही. ‘मुहाकमा’ म्हणजे खटला. या शब्दात दोन ‘म’ आहेत, त्यांपैकी पहिला जोडलेला आहे आणि दुसरा धातूचा आहे. ‘इस्तिहकाम’ म्हणजे तटबंदी. यातला आरंभीचा ‘इस्ति’ आणि मधला दीर्घ ‘आ’ गेला की ह, क, म हे तीन वर्ण उरतात.

आता साचा ओळखावा. साच्याला अरबीत ‘वज़्न’ म्हणतात, म्हणजे आपले ‘वजन’च. साचा दाखवण्यासाठी ‘करणे’ या अर्थाचा फ-अ-ल हा धातू वापरतात. फाइल हा कर्त्याचा साचा, म्हणून हाकिम म्हणजे सत्ता चालवणारा किंवा निवाडा करणारा. मफ्ऊल हा ज्याच्यावर क्रिया घडते त्याचा, म्हणून महकूम म्हणजे ज्याच्याविरुद्ध निकाल लागला तो. फईल या साच्यात बहुधा अंगी मुरलेला गुण दिसतो, म्हणून हकीम म्हणजे मुळात शहाणा मनुष्य. वैद्य हा अर्थ त्यालाच लागून आला. मफ्अला या साच्यातून जागा कळते: महकमा म्हणजे न्यायालय, जसे द-र-स या शिकण्याच्या धातूपासून मदरसा. माझ्या मते शब्दांच्या याद्या पाठ करण्यापेक्षा असे आठदहा साचे पक्के करणे कितीतरी उपयोगाचे आहे, कारण अनोळखी धातूच्या शब्दाचाही अर्थ त्यांवरून बराचसा ताडता येतो.

मग कोश उघडावा. आधुनिक अरबीसाठी हान्स वेर यांचा १९५२ साली निघालेला अरबी-जर्मन कोश आणि त्याची पुढे आलेली इंग्रजी आवृत्ती सोयीची आहे. तिच्यात शब्द धातूखाली लावलेले आहेत, त्यामुळे महकमा हा शब्द ‘म’मध्ये न शोधता ह-क-म खाली शोधावा लागतो. इब्न मंज़ूर यांच्या ‘लिसान अल्-अरब’मध्ये धातू शेवटच्या वर्णानुसार लावलेले आहेत, तिथे आधी ‘म’चे प्रकरण काढावे.

अर्थ जुळवताना घाई करू नये. दहाव्या शतकातील कोशकार इब्न फारिस यांनी ह-क-म या धातूचा मूळ अर्थ ‘रोखणे’ असा दिला आहे. घोड्याच्या जबड्याभोवती येणाऱ्या लगामाच्या भागाला ‘हकमा’ म्हणतात, कारण त्याने जनावर आवरले जाते. निवाडा अन्यायाला आवरतो, शहाणपण मूर्खपणाला आवरते. हे चित्र डोळ्यांसमोर आले की हुकूम आणि हिकमत यांमधले अंतर राहत नाही. परंतु प्रत्येक धातूत असा एकच धागा सापडेल असे धरून चालू नये. ज्या अ-द-ल धातूपासून अदालत हा शब्द आला, त्याला इब्न फारिस यांनीच सरळपणा आणि वाकडेपणा असे दोन परस्परविरोधी मूळ अर्थ दिले आहेत. तसेच शब्दाचा मराठीतला अर्थ अरबीवर लादू नये: आपली हिकमत म्हणजे युक्ती, अरबी हिकमत म्हणजे ज्ञानीपण.

कोशात शब्द सापडलाच नाही, तर धातूत ‘व’ किंवा ‘य’ लपलेला आहे का ते पाहावे. कायम आणि मुक्काम या दोन्ही शब्दांत ‘क’ आणि ‘म’ एवढेच ठळक दिसतात, पण त्यांचा धातू क-व-म असा आहे. त्यातला ‘व’ एका शब्दात बदलला आहे आणि दुसऱ्यात दीर्घ ‘आ’मध्ये विरघळला आहे.