पोरगं तस्करीत अडकल्याचा संशय आला तर कुणाला कळवायचं आणि त्याची सुटका झाल्यावर काय करायचं: मुंबईकरांसाठी

"पोरं पळवणारी टोळी आलीय" हा मेसेज आपल्या ग्रुपवर अधूनमधून येतोच, घाबरलेल्या आवाजातल्या ऑडिओ क्लिपसकट. तो पुढे ढकलू नका, सुरुवात तिथूनच करू. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला अशाच अफवेवरून नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने मारून टाकलं, भर बाजाराच्या दिवशी. बिचारे भिक्षुकी करून पोट भरणारे लोक होते.

खरी तस्करी बहुतेक वेळा अशी नसतेच. तिथे पोराला पळवत नाहीत, समजावून नेतात. गावातलाच कुणी, लांबचा मामा, आधी मुंबईत येऊन दोन पैसे कमावलेला मुकादम, आईबापाच्या हातावर ॲडव्हान्स ठेवतो, "काम शिकेल, जेवणखाण आपल्याकडे" म्हणतो आणि गाडीत बसवतो. मग आपल्याकडचे लोक म्हणतात की घरच्यांनीच पाठवलंय, पोरगं पण खुशीने आलंय, आपण कशाला मध्ये पडा. पण भारतीय न्याय संहितेच्या (जुन्या आयपीसीच्या जागी आलेल्या कायद्याच्या) कलम १४३ मध्ये तस्करी ठरवताना पीडिताची संमती बघतच नाहीत, आणि पैसे देऊन पालकांची हो मिळवणं हा तर तस्करीचाच एक प्रकार म्हणून तिथे लिहिलेला आहे.

ओळखायचं कसं? जरीचे, बॅगांचे, इमिटेशन ज्वेलरीचे छोटे कारखाने पोटमाळ्यावर चालतात, खालून शिडी, वर शटर किंवा पत्रा. शाळेच्या वेळेला पोरं तिथेच, रात्री उशिरापर्यंत तिथेच, सणालासुद्धा गावी जात नाहीत. वय विचारलं की पाठ केल्यासारखं "अठरा" येतं आणि नजर मालकाकडे जाते. पगार किती, विचारलं तर माहीत नसतं, किंवा "गावी पाठवतात" म्हणतो. फोन स्वतःकडे नसतो. आता गोवंडी-धारावीकडे बोट दाखवणं फार सोपं आहे हो, पण टॉवरमधल्या किचनमध्ये बाळ सांभाळायला ठेवलेली बारा-तेरा वर्षांची मुलगी आपल्याला "घरच्यासारखी" वाटते, तिचं काय? घरकामाला आणि हॉटेल-ढाब्यावर १४ वर्षांखालचं मूल ठेवायला १० ऑक्टोबर २००६ पासून बंदी आहे, २०१६ च्या दुरुस्तीनंतर तर १४ खालच्या मुलाला जवळपास कुठल्याच कामाला ठेवता येत नाही (घरच्या धंद्यात शाळेनंतर हातभार आणि बालकलाकार एवढीच सूट) आणि १४ ते १८ ला धोक्याची कामं बंद. पोलिसांना याच्यात थेट गुन्हा दाखल करता येतो.

एक खूण दिसली म्हणजे सगळं सिद्ध झालं असं नाही. पण दोन-तीन एकत्र दिसल्या तर कळवायचं, खात्री करत बसायचं नाही, ते आपलं कामच नाही.

आणि इथेच लोक घोळ घालतात. चार जण जमवून थेट कारखान्यात घुसतात, मोबाईल काढून व्हिडिओ, मालकाशी हुज्जत. याने होतं एवढंच की त्याच रात्री पोरं दुसऱ्या पत्त्यावर हलवली जातात आणि नंतर सुटकेसाठी सरकारी टीम आली की रिकामी खोली आणि दोन मोठे कारागीर. पोराला बाजूला घेऊन "तुला मारतात का रे" असंही विचारू नका, तुम्ही निघून गेल्यावर त्याला तिथेच झोपायचं असतं. काहीच माहीत नसल्यासारखं राहायचं आणि डोळे उघडे ठेवायचे.

टिपून काय ठेवायचं तर पत्ता अगदी बारकाईने, गल्ली, कुठल्या दुकानाच्या वर, कितवा मजला, मागून उतरायला वाट आहे का. पोरं साधारण किती आणि कुठल्या वेळेला नक्की आत असतात. मालकाला काय नावाने हाक मारतात, गाडीचा नंबर, आणि पोरं आपसात कुठली भाषा बोलतात हे विसरू नका, मैथिली बोलणाऱ्या पोराशी मराठीत बोलून काही उपयोग नसतो, टीमला तसा माणूस सोबत घेता येतो.

मग १०९८. चाइल्डलाइन. फुकट, चोवीस तास. ही सेवा १९९६ मध्ये आपल्या मुंबईतच टिसमधून (टाटा सामाजिक विज्ञान संस्थेतून) सुरू झाली, नंतर देशभर गेली, आणि २०२३ पासून सरकारी यंत्रणा चालवते, ११२ या आणीबाणीच्या नंबरशी जोडलेली आहे. समोर मारहाण चालू असेल, मुलाला लगेच धोका असेल तर सरळ ११२. रेल्वेत किंवा एलटीटी (लोकमान्य टिळक टर्मिनस)-कल्याणसारख्या स्टेशनवर एका माणसाबरोबर एकमेकांना न ओळखणारी पाच-सहा पोरं दिसली तर रेल्वेचा हेल्पलाइन नंबर १३९ किंवा जवळचा आरपीएफवाला (रेल्वे सुरक्षा दलाचा जवान), गाडी सुटायच्या आत. सज्ञान बाईचं प्रकरण असेल तर महिला हेल्पलाइन १८१. माझं नाव बाहेर येऊ देऊ नका, असं फोनवर स्पष्ट सांगा.

मुलाच्या लैंगिक शोषणाचा संशय असेल तर गप्प बसायची सोय कायद्यानेच ठेवलेली नाही. पोक्सोच्या (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याच्या) कलम १९ प्रमाणे कळवणं बंधनकारक, नाही कळवलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. उलट चांगल्या हेतूने कळवलं आणि तसं काही निघालं नाही, तर तुमच्यावर कारवाई होत नाही. हे वॉचमन, ट्यूशनवाल्या ताई, रिक्षावाले, डॉक्टर सगळ्यांना सांगून ठेवा, कारण त्यांनाच आधी दिसतं.

मूल हरवलं असेल तर "चोवीस तास बघू, मैत्रिणीकडे गेली असेल" हे ऐकून घेऊ नका. सुप्रीम कोर्टाच्या २०१३ च्या आदेशाप्रमाणे हरवलेल्या मुलाची एफआयआर घ्यायचीच असते, अपहरण किंवा तस्करी असू शकते असं धरून. हद्द आमची नाही म्हणाले तर झिरो एफआयआर (हद्द न बघता घेतलेली नोंद) मागा. प्रत्येक पोलीस स्टेशनला बाल कल्याण पोलीस अधिकारी नेमलेला असतो, त्यांनाच भेटायचंय असं सांगा. चार महिन्यांत मूल सापडलं नाही तर तपास मानवी तस्करी विरोधी पथकाकडे जायला हवा, तारीख लिहून ठेवा आणि विचारायला जा.

आता सुटकेनंतरचं. इथून पुढे कॅमेरे नसतात आणि खरं काम इथेच असतं.

सोडवलेल्या मुलाला २४ तासांत बालकल्याण समितीपुढे (अशा मुलांबद्दल निर्णय घेणारी जिल्ह्याची समिती) हजर करायचं असतं (प्रवासाचा वेळ सोडून), रात्री पोलीस स्टेशनला ठेवायचं नसतं. समिती त्याला बालगृहात ठेवते, डोंगरी किंवा मानखुर्दसारख्या, आणि घरची चौकशी होते. लोकांना वाटतं लगेच आईकडे का नाही पाठवत, तर ज्यांनी ॲडव्हान्स घेतला तेच घर असेल तर पंधरा दिवसांत पोरगं परत गाडीत बसतं. अचानक उगवलेले "काका" आणि त्यांचे वकील हा तर जुनाच प्रकार. कुंटणखान्यातून सोडवलेल्या अल्पवयीन मुलींना प्रोबेशन अधिकाऱ्याच्या (घरची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याच्या) अहवालाशिवाय सोडायचं नाही, हे मुंबई हायकोर्टाने २००२ मध्ये प्रेरणा संस्थेच्या याचिकेवर सांगितलं, ते याच्याचसाठी.

तुम्ही शेजारी, शिक्षक, नातेवाईक म्हणून जवळ असाल तर पहिली गोष्ट, काय झालं ते विचारायचं नाही. सुटून आलेल्या मुलीने ते पोलिसांना, डॉक्टरला, समितीला सांगितलंय, कोर्टात परत सांगायचंय, आणि तुमच्या चहाबरोबर पाचव्यांदा सांगायची गरज नाही. ती आपणहून बोलली तर ऐका, "मग तू पळून का नाही गेलीस" एवढं एक वाक्य तोंडातून काढू नका. दुसरं म्हणजे आभाराची अपेक्षा नको. पोरगा तुमच्यावर चिडूही शकतो, कारण त्याच्या हिशोबाने घरचं कर्ज फिटत होतं आणि ते तुम्ही थांबवलंत. काही जण जेवण लपवून ठेवतात, काहींना दार बंद केलेलं चालत नाही, काहींना उघडं ठेवलेलं चालत नाही. छोट्या छोट्या गोष्टी त्यालाच ठरवू द्या, दिवा चालू की बंद, आज बाहेर जायचं की नाही, कारण इतके दिवस सगळं दुसऱ्याने ठरवलेलं असतं. आणि रविवारी येतो म्हणालात तर रविवारी जा. नाही जमणार तर म्हणूच नका.

फोटो अजिबात नाही. नाव, शाळा, चेहरा, पत्ता काहीही बाहेर गेलं तर बाल न्याय कायदा कलम ७४ आणि पोक्सो कलम २३ खाली गुन्हा आहे, आणि "आमच्या अमुक बिल्डिंगच्या चौथ्या मजल्यावरच्या मुलीची सुटका" ही पोस्टसुद्धा ओळखच झाली. चेहरा ब्लर केला म्हणून भागत नाही.

पोक्सोची केस असेल तर जबाब मुलाच्या घरी किंवा तो म्हणेल तिथे, शक्यतो महिला अधिकारी आणि युनिफॉर्मशिवाय, विश्वासाचं माणूस सोबत बसू शकतं. सपोर्ट पर्सन नेमून द्या अशी मागणी समितीकडे करा, कोर्टाच्या तारखा, दवाखाना, समुपदेशन, सगळ्यात तो माणूस बरोबर असतो. वकिलाला पैसे नाहीत म्हणून अडू नका, तस्करीच्या पीडितांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे किंवा १५१०० वर.

पैशांचं नीट समजून घ्या, कारण माहिती नसल्यामुळेच बहुतेकांचं बुडतं. बलात्कार आणि पोक्सोच्या पीडितांसाठी राज्याची मनोधैर्य योजना आहे, अर्ज विधी सेवा प्राधिकरणाकडेच. ॲडव्हान्सच्या बदल्यात राबवलं असेल तर ती वेठबिगारी, १९७६ च्या कायद्याखाली, आणि मग मुक्ती प्रमाणपत्र (वेठबिगारीतून सुटल्याचा सरकारी कागद) मागायचंच. ते मिळालं तर केंद्राच्या वेठबिगार पुनर्वसनाच्या २०१६ च्या योजनेत पुरुषाला १ लाख, स्त्री किंवा मुलाला २ लाख आणि लैंगिक शोषण-तस्करीसारख्या गंभीर प्रकारात ३ लाख अशी तरतूद आहे, शिवाय केसच्या निकालाची वाट न बघता ३० हजारांपर्यंत तातडीची मदत. मुंबईत सोडवलेलं पोरगं प्रमाणपत्राशिवाय बिहारला परत गेलं की तिथून हा कागद मिळवणं म्हणजे महाकठीण, त्यामुळे गाडीत बसायच्या आधीच पाठपुरावा. खातं मुलाच्याच नावाने उघडा, काकाच्या नाही.

शाळेचं तर सोपं असायला हवं, असतं असं नाही. शिक्षण हक्क कायद्याने ६ ते १४ च्या मुलाला वयानुसार वर्गात घ्यावंच लागतं, जन्मदाखला नाही म्हणून नाकारता येत नाही. मुख्याध्यापक कां-कूं करत असतील तर कायद्याची प्रत घेऊनच जा. मूल घरी परतलं आणि घर खरंच गरीब असेल तर मिशन वात्सल्य या केंद्राच्या बालसंरक्षण योजनेतली महिन्याला ४ हजारांची प्रायोजकत्व मदत आणि राज्याची बालसंगोपन योजना जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडे विचारा, पुढच्या वेळी मुकादम ॲडव्हान्स घेऊन दारात आला तर हे पैसे उपयोगी पडतात.

राहिलं ऑनलाइन. "मॉडेलिंगसाठी फोटो पाठव" वाली अकाउंट्स आता पोटमाळ्याइतकीच धोक्याची झालीयेत. मुलांना एवढंच पक्कं सांगा की फोटो गेला असला, कुणी धमकावत असलं तरी आधी घरी सांगायचं, मोबाईल काढून घेणार नाही, आणि हा शब्द मग खरंच पाळा, नाहीतर पुढच्या वेळी ते तुम्हाला सांगणारच नाहीत. पैसे पाठवू नका, चॅट डिलीट करू नका, अकाउंटचं नाव आणि लिंक जपून ठेवा, सायबर हेल्पलाइन १९३० ला किंवा राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार टाका, तिथे अशा मजकुराची तक्रार नाव न देताही करता येते. आणि मुलांचा तसला व्हिडिओ ग्रुपवर आलाच तर "बघा काय चाललंय" म्हणून फॉरवर्ड करू नका, पुरावा म्हणून साठवूनही ठेवू नका. २३ सप्टेंबर २०२४ च्या निकालात सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की असा मजकूर डिलीट न करता, पोलिसांना न कळवता जवळ बाळगणं हाही गुन्हा ठरू शकतो. कोणी टाकला, कधी टाकला एवढं लिहून घ्या, लगेच तक्रार करा आणि फाईलचं पुढे काय करायचं ते पोलिसांनाच विचारा.