विहिरीचा दोर आणि नायट्रोजनचे इलेक्ट्रॉन

माझं बी.एस्सी. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कॉलेजात झालं. मॉलिक्युलर ऑर्बिटलची, म्हणजे रेणूत इलेक्ट्रॉन ऊर्जेच्या कोणत्या पातळ्यांवर असतात त्याची, आकृती पाठ होती. त्यातल्या आडव्या रेघा कुणी मोजल्या असतील, हे मात्र कधी मनात आलं नाही. पीएच.डी.ला फोटोइलेक्ट्रॉन स्पेक्ट्रोस्कोपी (प्रकाशाने रेणूतला इलेक्ट्रॉन बाहेर काढून त्याची ऊर्जा मोजायची पद्धत) हाती आली, तेव्हा त्या मीच मोजल्या.

उन्हाळ्यात वावरातल्या विहिरीचं पाणी किती खाली गेलं, हे बाबा दोर सोडून पाहत. अख्खा दोर किती ते ठाऊक असायचं. पाण्याला टेकल्यावर हातात उरलेला मोजायचा आणि वजा करायचा. इथेही हिशेब तोच. हेलियमच्या दिव्याचा फोटॉन, म्हणजे प्रकाशाचा कण, 21.22 इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेचा; हा अख्खा दोर. नायट्रोजनच्या आलेखातल्या पहिल्या शिखराचा इलेक्ट्रॉन 5.64 घेऊन बाहेर येतो, म्हणजे तो 15.58 खोल होता. पुढचे पट्टे, म्हणजे शिखरांचे गट, साधारण 16.7 आणि 18.75 ला.

नवीन मुलं आकडे लिहून मोकळी होतात. तुम्ही पट्ट्यांचा आकार बघा. पहिला पट्टा जवळजवळ एकच शिखर, कारण तो इलेक्ट्रॉन गेल्याने बंधाची लांबी फारशी बदलत नाही. 16.7 ला मात्र 0.23 च्या अंतराने पायऱ्याच पायऱ्या. तिथला पाय (π) प्रकारचा इलेक्ट्रॉन बंध धरून असतो. तो निघाला की बंध सैल होतो आणि आयन कंप पावू लागतो. पहिल्यांदा त्या पायऱ्या पडद्यावर उमटल्या, त्या रात्री मी घरी फोन केला होता.

एक चूक सांगतो. पाण्याची वाफ मोजून लगेच नायट्रोजन लावला, मोजपट्टी जुळवायला लागणारा आरगॉन मिसळायचा राहिला. आतले पृष्ठभाग बदलले, मोजपट्टी सरकली, आठवडा वाया गेला. आरगॉनची 15.76 आणि 15.94 ची जोडी प्रत्येक वेळी घ्याच.

यंत्र मिळेपर्यंत थांबू नका. पायएससीएफ (PySCF), साय-फोर (Psi4) ही रेणूंच्या ऊर्जेचं गणित करणारी सॉफ्टवेअर फुकट आहेत. जुन्या लॅपटॉपवर नायट्रोजनचं गणित लाइट जायच्या आत होतं. हार्ट्री-फॉक ही त्यातली साधी पद्धत लावली तर इलेक्ट्रॉन असलेल्या पातळ्यांत पाय ऑर्बिटल सर्वांत वर येतं, म्हणजे आधी तोच इलेक्ट्रॉन निघायला हवा. प्रयोगात मात्र आधी सिग्मा (σ), म्हणजे पहिल्या पट्ट्यातला इलेक्ट्रॉन, निघतो. ऑर्बिटलची ऊर्जा म्हणजेच इलेक्ट्रॉन काढायची ऊर्जा, हा कूपमन्सचा 1934 चा नियम उरलेले इलेक्ट्रॉन जागचे हलत नाहीत असं धरतो. ते हलतात, शिवाय एकमेकांना चुकवत फिरतात आणि हार्ट्री-फॉक तेही नीट धरत नाही. हा फरक स्वतः काढून बघा. मग पाणी घ्या: 12.62 चं शिखर टोकदार, 14.7 चा पट्टा इतका लांबलचक का, ते शोधा.