युनियनच्या कागदावर या चुका टाळा

गेटवरच्या भाषणात शब्द इकडचा तिकडे झाला तर कुणी जाब विचारत नाही. तोच शब्द कामगार आयुक्तांकडच्या अर्जात गेला, की पुढे उलटतपासणीत कंपनीचा वकील तो मोठ्यानं वाचून दाखवतो. कमिटीत नव्यानं आलेल्यांनी म्हणून भाषणाआधी अर्ज लिहायला शिकावं.

सगळ्यात महाग पडणारा शब्द म्हणजे 'काम बंद'. पहिल्या पाळीची माणसं सातला गेटवर येतात, सिक्युरिटी कार्ड पंच करू देत नाही, आधी हमीपत्र भरा म्हणते. संध्याकाळी कमिटी अर्ज लिहिते, 'आजपासून सर्व कामगारांनी काम बंद ठेवले आहे.' झालं! टाळं मालकानं लावलं आणि संपाची कबुली कामगारांनी सही-शिक्क्यानिशी दिली. टाळेबंदी बेकायदा ठरली तर त्या दिवसांच्या पगाराचा दावा उभा राहतो, संप ठरला तर उलट पगार कापला जातो. लिहायचं ते असं: 'आम्ही अमुक तारखेला सात वाजता कामावर हजर झालो. आम्हाला आत घेतले नाही. आम्ही आजही काम करण्यास तयार आहोत.' आणि असा अर्ज रोज द्यायचा, पोच घेऊन.

'संप म्हणायचं नाही, सगळ्यांनी एकदम रजा टाकायची' ही युक्तीही आता जुनी झाली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेत निम्म्या किंवा जास्त कामगारांनी ठरवून एकाच दिवशी घेतलेली किरकोळ रजा संपातच धरली आहे, आणि संपाला चौदा दिवस आधी नोटीस लागते.

'ले-ऑफ'चा घोळ वर्तमानपत्रांनी वाढवला. अमेरिकेतल्या टेक कंपन्यांनी माणसं काढली की बातमीत 'ले-ऑफ' छापून येतं. आपल्या कायद्यात ले-ऑफ म्हणजे काढून टाकणं नव्हे. कच्चा माल नाही, वीज नाही, मशीन बंद आहे म्हणून तात्पुरतं काम न देणं म्हणजे ले-ऑफ. नाव हजेरीपटावर राहतं. पन्नास किंवा जास्त कामगारांच्या कारखान्यात वर्षभर सलग नोकरी झालेल्याला मूळ पगार अधिक महागाई भत्ता यांच्या निम्मी भरपाई मिळते, बदली कामगाराला (दुसऱ्याच्या जागी तात्पुरता घेतलेल्याला) मात्र नाही. कायमचं काढलं तर ती कामगार कपात. तिला महिन्याची नोटीस किंवा महिन्याचा पगार आणि नोकरीच्या दर पूर्ण वर्षाला पंधरा दिवसांचा सरासरी पगार लागतो. एचआरवाले तोंडी 'ब्रेक दिला' म्हणतात तेव्हा ते यातलं नेमकं काय, हे लेखी मागा.

कंपनीनं दिलेलं आरोपपत्र न घेणं हा शूरपणा समजला जातो. नाकारलं की ते पोस्टानं येतं, नोटीस बोर्डावर लागतं आणि बजावलं असं धरलं जातं. मग चौकशी एकतर्फी होते. घ्या, तारीख घाला, मुदतीत उत्तर द्या. चौकशी चालू असताना निलंबन असेल तर पहिले ९० दिवस पगाराच्या निम्म्याइतका निर्वाह भत्ता, आणि उशीर कामगारामुळे होत नसेल तर पुढे ७५ टक्के. निलंबन म्हणजे बडतर्फी नव्हे, हे घरच्यांनाही सांगून ठेवा. गावात बातमी भलतीच पोचते.

'आमची युनियन रजिस्टर्ड आहे, मालकाला बोलावंच लागेल,' हेही ऐकू येतं. नोंदणीचा अर्ज सात जणांनाही करता येतो. मालकाशी वाटाघाटीचा हक्क देणारी मान्यता ही वेगळी पायरी आहे. महाराष्ट्राच्या १९७१ च्या कायद्यात मान्यतेसाठी सहा महिने किमान ३० टक्के सभासद लागत. नव्या संहितेत एकाहून जास्त युनियन असतील तर एकट्यानं वाटाघाटी करायला ५१ टक्के लागतात. मुंबईच्या गिरणी कामगारांनी हा फरक सोसला आहे. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा कामगार युनियन नेते डॉ. दत्ता सामंतांच्या मागे होते, पण १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्यानं 'प्रातिनिधिक', म्हणजे सगळ्यांच्या वतीनं बोलणारी, युनियन राष्ट्रीय मिल मजदूर संघच होती. एवढी माणसं रस्त्यावर असूनही कायद्याच्या टेबलावर सामंतांना खुर्ची नव्हती.

करार कुठला, हेही बघा. मालक आणि युनियननं आपसांत केलेला करार सह्या करणाऱ्या पक्षांपुरता असतो. समेट अधिकाऱ्यासमोर झालेला, जुन्या औद्योगिक विवाद कायद्यातल्या कलम १२(३) वरून जुने लोक ज्याला 'बारा-तीनचा करार' म्हणतात तो, सभासद नसलेल्यालाही लागू होतो. आणि तीन वर्षं झाली म्हणजे करार 'संपला' असं नोटीस बोर्डावर लिहू नका. रीतसर समाप्तीची नोटीस देऊन तिची मुदत भरेपर्यंत जुन्या अटी चालूच राहतात, आणि त्यातल्या निम्म्या तुमच्याच फायद्याच्या असतात.

बोनस आणि सानुग्रह अनुदान एक नव्हे. बोनस कायद्यातला, पगाराच्या ८.३३ ते २० टक्के, अनुदान मालकाच्या मर्जीवरचं.

शेवटी, नोकरी सुटताना मिळणाऱ्या 'फुल अँड फायनल'च्या (अंतिम हिशेबाच्या) पावतीवर हिशेब पटत नसेल तर नुसती सही नको. 'माझे सर्व हक्क राखून रक्कम स्वीकारली' असं स्वतःच्या अक्षरात लिहा, मग सही करा, आणि तिथेच मोबाइलवर फोटो काढून घ्या.