चित्रातलं जनावर वाचायचं कसं

बैल दिसला की ‘कष्टाचं प्रतीक’, गाय दिसली की ‘मातृत्व’, मेंढरू दिसलं की ‘भोळेपणा’. विट्याकडं चित्रकला शिकवतो मी, आणि पोरांच्या वह्यांतली ही छापील उत्तरं वाचून कंटाळलोय. अर्थाचं नंतर बघू. आधी दावं बघा.

खरंच सांगतोय. जनावर मोकळं आहे की बांधलेलं? कासरा कुणाच्या हातात आहे, ताणलेला की सैल? माणूस पुढं चाललाय, कासरा लोंबतोय आणि बैल मागनं येतोय, तर चित्र दोघांच्या सोबतीचं. तोच कासरा ताणलेला, वेसणीनं नाक ओढलेलं, डोळ्याचं पांढरं दिसतंय, तर ते सत्तेचं.

मग खांदा. जुवाखाली बैलाच्या खांद्याला घट्टे पडतात. चित्रकारानं ते काढले असतील तर खुशाल कष्ट लिहा. पण शिंगांना हिंगूळ, अंगावर झूल, कपाळाला बाशिंग असेल तर तो बेंदूर, बैलांचा सण. त्या दिवशी बैलाच्या खांद्यावर जू ठेवत नाहीत. सजलेला बैल म्हणजे सुट्टी, आणि वर्षभराच्या उपकाराची फेड. शिंगं लांब, मागं वळलेली असतील तर तो खिलार. खरसुंडीच्या जत्रेतल्या बाजारात असली जोडी धरून उभा राहिलेला माणूस काढला असेल, तर विषय बैलाचा कमी आणि मालकाच्या मिशीचा जास्त.

गाईचं तर शेजार बघितल्याशिवाय बोलूच नये. जुन्या देवळाच्या आवारात गाय-वासराचा दगड दिसतो. वासरू आचळाला लागलेलं, वर चंद्र-सूर्य. तिथं पोरं हमखास आईची माया लिहितात. तो धेनुगळ, दानाची खूण. चंद्र-सूर्य असेपर्यंत हे दान चालावं, असं तो सांगतो. शेजारीच वीरगळ असतो, लढताना पडलेल्या वीराचा दगड. त्याच्या खालच्या चौकटीत गाई असतील तर तो गुरं सोडवताना पडलेल्या माणसाचा दगड. गाय तीच, पण एकीकडं दान, दुसरीकडं मरण.

परदेशी चित्राला आपली फूटपट्टी लावू नका. पाऊलस पॉटर या डच चित्रकारानं 1647 मध्ये ‘बैल’ रंगवला, जवळजवळ जिवंत बैलाएवढा. एवढा मोठा कॅनव्हास एरवी राजे, लढाया नाहीतर धार्मिक प्रसंगांसाठी असायचा. तिथं बैल उभा केला आणि शेतकरी कडेला ठेवला, यातच सगळं आलं. दूध-लोण्यावर पोसलेल्या मुलखाला आपली गुरं मिरवावीशी वाटणारच. मेंढराचंही तसंच. युरोपच्या चर्चमधल्या चित्रात कोकराजवळ क्रॉसचा झेंडा असला तर ते कोकरू म्हणजे येशू. आपल्या जतकडची फुगीर नाकाची माडग्याळ मेंढी काढली असेल आणि तिच्यावर भंडारा उधळला असेल, तर धनगरांच्या बिरोबाकडं बघा, बायबलकडं नको.

उत्तर लिहिताना ‘म्हणून’च्या आधी जे लिहाल, त्यावर चित्रात बोट ठेवता आलं पाहिजे.

आणि एखाद्या गाईत काहीच नसतं. स्मरणचित्राच्या पेपरात कोपरा रिकामा राहिला म्हणून पोरं गाय उभी करतात, पाय गुडघ्यापर्यंत गवतात. गवत एवढं का वाढलं? खूर काढता येत नाहीत म्हणून.