रोजचा लांबचा प्रवास: रेल्वे की मोटार?
शहरात रोज लांबून कामाला जाताना रेल्वे आणि मोटार यांची तुलना केवळ तिकीट आणि इंधन यांच्या आकड्यांवर करू नये, कारण किलोमीटर वाढतील तसा टायर, देखभाल आणि घसारा यांचा खर्चही वाढत जातो व शहरातील पार्किंगचे शुल्क त्यावर वेगळे पडते. वेळ दारापासून दारापर्यंत मोजावा. त्यात स्थानकापर्यंतचे अंतर, गाडीची वाट पाहणे आणि उतरल्यानंतरची पायपीटही धरावी. माझ्या मते सरासरी वेळेपेक्षा वाईट दिवशी किती उशीर होतो हे अधिक महत्त्वाचे आहे. रेल्वेत बसायला जागा मिळत असेल, तर तो वेळ वाचनाला किंवा झोपेला देता येतो, आणि मोटार चालवताना ते शक्यच नसते. परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ मात्र आधीच पाहून ठेवावी.