अपघातानंतरची भरपाई: कोणत्या पैशातून कोणता पैसा कापला जातो, ते आधी बघा

पुण्याजवळ भोसरीच्या कारखान्यात प्रेस मशिनवर बोट गेलं किंवा कामावरून सुटल्यावर नवले पुलापाशी गाडीने उडवलं, की घरात सल्ल्यांचा पाऊस पडतो. मेहुणा म्हणतो ईएसआयला (कामगारांच्या सरकारी विम्याकडे) जा, सुपरवायझर म्हणतो कंपनी बघून घेईल, एजंट म्हणतो क्लेम टाकून देऊ. तिघांचंही थोडंथोडं बरोबर असतं. फक्त यातला कोणता पैसा घेतला की कोणता बुडतो, ते कोणी सांगत नाही.

म्हणून पहिला फॉर्म भरण्याआधी एका कागदावर तीन रकाने पाडा. पहिल्यात पगाराऐवजी मिळणारे पैसे: ईएसआयचा भत्ता, मालकाकडची नुकसानभरपाई, पगारी रजा. दुसऱ्यात खर्च भरून देणारा मेडिक्लेम. तिसऱ्यात ठरलेली रक्कम देणाऱ्या पॉलिसी. खरी कापाकापी पहिल्या रकान्यात होते.

आता हजेरी बघा. पगार महिन्याला २१,००० रुपयांपर्यंत असेल तर बहुधा तुम्ही ईएसआयमध्ये आहात. कामावर इजा होऊन घरी बसावं लागलं, तर सरासरी रोजच्या पगाराच्या ९० टक्के भत्ता मिळतो, आणि तात्पुरतं अपंगत्व असेपर्यंत मिळतो. पण ज्या दिवशी पगार किंवा पगारी रजा घेतली, त्या दिवसाचा भत्ता नाही. इथेच बरेचजण फसतात. एचआरवाले चांगुलपणाने पीएल, म्हणजे साठलेली पगारी रजा, भरून टाकतात आणि आपण आभार मानतो. हिशेब करा: पगार १८,००० म्हणजे रोजचे ६००, भत्ता ५४०. वीस दिवस पीएल भरली तर हातात १२,००० येतात, भत्ता घेतला असता तर १०,८०० आले असते. म्हणजे १,२०० रुपयांसाठी वीस रजा उडाल्या. नंतर टाके काढायला किंवा फिजिओला जायचं तेव्हा बिनपगारी! त्यामुळे अपघात झाल्यावर लगेच एचआरला लेखी कळवा की या दिवसांची पीएल लावू नका, आणि कंपनीने ईएसआयकडे अपघाताची नोंद केली का तेही विचारा. पगार आणि भत्ता दोन्ही उचलले तर पुढे वसुली निघते. एकाच काळासाठी आजारपणाचा भत्ता आणि अपघाताचा भत्ता असे दोन्हीही मिळत नाहीत; एक निवडावा लागतो.

घरून कामावर जाता-येतानाचा अपघातही, वेळ आणि जागेचा कामाशी संबंध दाखवता आला तर, २०१० च्या दुरुस्तीपासून कामावरचाच धरतात.

ईएसआय लागू असेल तर त्याच इजेसाठी मालकाकडून वेगळी नुकसानभरपाई मागता येत नाही. १९४८ च्या कायद्यापासून हे तत्त्व चालत आलं आहे. ईएसआय नसेल तेव्हा मालकाची जबाबदारी येते: तात्पुरत्या अपंगत्वात दर पंधरवड्याला मासिक वेतनाच्या २५ टक्के. कायमच्या अपंगत्वाची एकरकमी भरपाई ठरली की आधी दिलेले हे हप्ते त्यातून वजा होऊ शकतात. मात्र हॉस्पिटलचं बिल मालकाने भरलं असेल, तर ते भरपाईतून वळतं करता येत नाही. ‘आम्ही दीड लाख दवाखान्यात भरले, आता काय उरलं?’ हे ऐकून गप्प बसू नका. आणि ‘मदत’ म्हणून पाकीट देताना कोणत्या कागदावर सही घेतात, तो घरी आणून वाचा.

इजा कायमची असेल तर पुढचा घोळ टक्क्यांचा. कायद्याच्या तक्त्यात तर्जनी पूर्ण गेली तर कमाईची क्षमता १४ टक्के घटली असं मानतात, अंगठ्याला ३० टक्के. वरच्याच पगारात तर्जनीसाठी ईएसआयकडून ५४० च्या भत्त्याचे १४ टक्के, म्हणजे रोजचे ७५ रुपये ६० पैसे, महिन्याला साधारण २,२६८ होतात. रक्कम छोटी वाटते, पण ती आयुष्यभर मिळते आणि पुन्हा कामावर रुजू होऊन पूर्ण पगार घेतला तरी थांबत नाही. दिव्यांग प्रमाणपत्रावरचे टक्के वेगळे, खासगी पॉलिसीचा तक्ता आणखी वेगळा. एकाचा आकडा दुसरीकडे दाखवून भांडू नका, वेळ जातो.

तिसऱ्या रकान्यातले पैसे सहसा कशातूनही कापले जात नाहीत. बँकेतून वर्षाला २० रुपये कापून जाणारा प्रधानमंत्री सुरक्षा विमा पूर्ण अपंगत्वाला २ लाख, कायमच्या अंशतः अपंगत्वाला १ लाख देतो. पासबुकात ती नोंद शोधा. चार बँकांत काढला असला तरी क्लेम एकच. स्वतःची दुचाकी स्वतः चालवत असाल आणि लायसन्स चालू असेल, तर गाडीच्या विम्यातलं १५ लाखांचं मालक-चालक कव्हर बघा. हिंजवडीतल्या कंपन्यांच्या ग्रुप पॉलिसीत आठवड्याला विमा रकमेच्या १ टक्क्यासारखी रक्कम असू शकते, पण तिला कमाईची कमाल मर्यादा आहे का, ते कलम वाचा. मेडिक्लेमचं मात्र उलट: एकाच बिलाचे पैसे दोन कंपन्यांकडून घेता येत नाहीत, पहिलीने न दिलेला उरलेला भाग दुसरीकडे मागता येतो.

दुसऱ्याच्या गाडीने धडक दिली असेल तर शिवाजीनगर कोर्टात मोटार अपघात दावा करता येतो. सहा महिने उलटू देऊ नका. तोच अपघात कामावरचाही ठरत असेल, तर मोटार कायदा आणि मालकाकडची कामगार भरपाई यांपैकी एकच वाट धरता येते. ईएसआय असेल तर गुंता आणखी वाढतो. वकिलाला पहिल्याच भेटीत हेच विचारा, फी नंतर.

मुलगा-मुलगी अमेरिकेत असेल तर तिथला दीर्घकालीन अपंगत्व विमा याहून कडक असतो. साधारण पगाराच्या ६० टक्के मिळतात, पण सरकारी सोशल सिक्युरिटीचं अपंगत्व वेतन मंजूर झालं की बहुतेक पॉलिसी तेवढी रक्कम वजा करतात. मागील महिन्यांची थकबाकी एकदम आली, तर आधी जास्त दिलेले पैसे विमा कंपनी परत मागते. ती थकबाकी आल्याआल्या खर्च करू नका म्हणावं.

आणि कुठल्याही फॉर्मवर ‘अन्यत्र कुठून लाभ मिळतो का’ हा रकाना असेल, तर तो कोरा सोडू नका. खरं ते लिहा, मंजुरीपत्राची झेरॉक्स जोडा आणि आपल्या प्रतीवर पोचेचा शिक्का घ्या. बिबवेवाडीच्या ईएसआय कार्यालयात असो की विमा कंपनीच्या काउंटरवर, तो शिक्का मागितल्याशिवाय हलू नका.